खाली कोणी नाही

हरिसिंग आडे चांगला माणूस होता असं सांगायला मी बसलेली नाही. त्याने पुष्कळांना मारलं. माझ्या भावाला मारलं, आणि दोनदा मी त्याला मारलं. तरीही त्याच्याविषयी कोणी भलतंसलतं बोललं की अजून माझं टाळकं सरकतं. मागच्या पोळ्याला चावडीवर एक शहाणा सांगत होता, टाक्यावरचा तो बंजारा दारू पिऊन पडला होता म्हणून बबन बुडाला. मी म्हटलं, अरे, तेव्हा तुझ्या बापाला मिसरूड फुटलं नव्हतं, तू कुठून पाहिलंस? हरिसिंगने दारूला कधी तोंड लावलं नाही. खरं काय झालं ते दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला. आई होती तोवर मला बोलता येत नव्हतं. आई गेली, आणि हरिसिंगही पुसदकडे आपल्या तांड्यात वारल्याचं कळलं. आता सांगायला हरकत नाही.

बबन माझा धाकटा भाऊ. तो त्या टाक्यात गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी उगाच आशा धरू नये. आम्ही धरली होती, दोन दिवस.

आमचं गाव मारेगावच्या पूर्वेला. छप्पन साली आम्ही मध्य प्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, साठ साली महाराष्ट्रात आलो. चार वर्षांत तीन राज्यं पाहिली आणि घरचा उंबरठाही ओलांडला नाही. गावापासून अर्ध्या कोसावर कोळशाची खाण होती. खाणीत पाणी झिरपतं, ते उपसलं नाही तर माणसं बुडतात, म्हणून तिथे रात्रंदिवस पंप चाले. खाण जसजशी खोल गेली तसतशा आमच्या विहिरी आटत गेल्या. पंपाचं पाणी नाल्याला सोडत तोवर आम्ही गप्प होतो, कारण नाला आमच्या शिवारातून जायचा आणि गुरं त्यावर जगायची.

खाणीच्या मोठ्या साहेबांना पोहण्याचा षोक. त्यांनी चुनखडीची एक पडीक खदान दगड-सिमेंटने बांधून काढली, पंपाचा नळ तिच्यात वळवला आणि सत्तावन सालच्या उन्हाळ्यात तिचा पोहण्याचा तलाव केला. लोक त्याला टाकं म्हणत. एका टोकाला कमरेइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला तीन पुरुष खोल. खोल टोकाला जुन्या रुळांचा उंच सांगाडा, त्याला उड्या मारायच्या तीन फळ्या. पाणी कोमट असायचं आणि चुन्याने पांढुरकं. हात बुडवला तर कोपराखालचा दिसायचा नाही. त्यात काही शोधायचं तर हातापायांनी चाचपूनच शोधावं लागे.

पाळी सुटली की खाणकामगार तिथे यायचे. छत्तीसगडचे, तेलंगणातले, आमच्याकडचे गोंड आणि कोलाम, सगळे कोळशाने सारखेच काळे. पाच मिनिटांत ज्याचा त्याचा रंग परत यायचा. मी कॉलनीत दुधाचा रतीब घालायची. नवऱ्याने हात उचलला तेव्हा मी पाटा उचलला होता आणि दुसऱ्या दिवशी माहेरी निघून आले होते. तेव्हापासून घरचं दूध मीच विकायची. टाक्याच्या फाटकाशी हरिसिंग पावशेर घ्यायचा.

तो टाक्याचा राखणदार होता. उंच, खांदे रुंद, कानात बाळ्या, कमरेला नेहमी ओला दोर गुंडाळलेला. तो दोर बुडत्याला फेकायचा होता, पण जास्त वेळा माणसांच्या पाठीवर पडायचा. फाटकाशी एक लाकडी फळा होता. त्यावर ओळीने खिळे ठोकलेले. प्रत्येक कामगाराकडे खाणीचा पितळी बिल्ला असे, वर नंबर. पाण्यात उतरण्याआधी बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर आल्यावर काढून न्यायचा. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस पाण्यात आहे. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. ही पद्धत त्याने खाणीच्या बत्तीघरातून उचलली होती. तिथे दिवा घेताना बिल्ला लावायचा आणि वर येऊन दिवा दिला की बिल्ला परत घ्यायचा.

एवढं काय त्या बिल्ल्याचं, असं मला आधी वाटायचं. मग कॉलनीतल्या बायकांनी सांगितलं. छप्पन साली हरिसिंग आणि त्याचा भाऊ उत्तमसिंग दोघं खाणीत होते. एका दुपारी जुन्या कामात साठलेलं पाणी भिंत फोडून आलं. पाळीची माणसं धावत वर आली. बत्तीघरात एक बिल्ला तसाच लटकत राहिला. उत्तमसिंगचा. तिथला बाबू म्हणाला, न्यायला विसरला असेल, बसला असेल भट्टीवर पीत. हरिसिंग ओरडत होता की बिल्ला इथे आहे म्हणजे माणूस खाली आहे. चौघांनी धरून त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पाणी उपसून लोक आत गेले. उत्तमसिंग वरच्या अंगाच्या एका कपारीत सापडला. पाणी तिथवर पोहोचलंच नव्हतं. हवा संपेपर्यंत तो जिवंत होता, आणि कोळसा खरडून खरडून त्याच्या दहाही बोटांची नखं गेली होती.

भावाला जाळून हरिसिंग तडक बत्तीघरात गेला आणि लोखंडी दिव्याने त्या बाबूचा जबडा फोडला. सहा महिने आत बसून आला. त्याला खाणीत पुन्हा कोण घेणार? पण साहेबांना टाक्यावर असाच माणूस हवा होता, ज्याला सगळे भितील. शिवाय तो पूस नदीच्या डोहात पोहायला शिकलेला, दम इतका की वरच्याला काळजी वाटावी. त्याने नोकरी धरली ती एकाच गोष्टीसाठी. आपल्या पाण्यात माणूस खाली राहू द्यायचा नाही.

"मानूस खोटं बोलते, ताई," तो मला एकदा दूध घेताना म्हणाला. "खिळा बोलत नाही."

अठ्ठावन साली एका कामगाराने गंमत केली. बिल्ला खिळ्यावर ठेवून मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी गेला. संध्याकाळी हरिसिंगने पाहिलं, एक बिल्ला उरला. त्याने बुड्या मारायला सुरुवात केली. किती मारल्या कोण जाणे, नाकातून रक्त यायला लागलं. मग त्याने कोणाला न विचारता मोठी झडप उघडली आणि अख्खं टाकं नाल्यात सोडून दिलं. सकाळी तळाच्या चिखलात तो एकटा उभा, हाताला काही लागलं नव्हतं. तेवढ्यात तो गमत्या हसत हसत आला. हरिसिंगने त्याला केसाला धरून पायऱ्यांवरून खाली नेलं आणि रिकाम्या टाक्याच्या मधोमध ओल्या दोराने बडवलं. तीन फासळ्या मोडल्या. साहेब त्याला काढून टाकायला निघाले, तर कामगारच आडवे आले. म्हणाले, हा आहे म्हणून आमच्या बायका आम्हाला टाक्यावर जाऊ देतात. आमच्या गावची गुरं त्या पाण्यावर चार दिवस जगली, तेव्हा आम्हीही त्या गमत्याला मनातून दुवाच दिली.

बबनला उड्यांचं वेड. आमच्या विहिरीला पाणी होतं तेव्हा तो मोटेच्या धावेवरून पळत येऊन विहिरीत झेपावायचा आणि आई वरून शिव्या घालायची. विहीर आटली आणि त्याचं तोंडच उतरलं. खाणीत लाग, बिल्ला मिळेल, असं लोक त्याला म्हणत. तो म्हणायचा, ज्यानं माझी विहीर प्यायली त्याच्या पोटात मी कशाला जाऊ? एकोणसाठच्या मे महिन्यात भर दुपारी तो टाक्यात घुसला. मी दूध घेऊन पोहोचले तर हरिसिंगने त्याला पाण्यातून ओढून काठावर पालथं घातलेलं आणि दोर चालू.

"बिल्ला कुठं हाय?"

"आमच्या विहिरीच्या पान्यात उडी माराले बिल्ला कायले पाह्यजे?" बबन दात खाऊन म्हणत होता.

पुन्हा दोर. माझ्या हातात दुधाने भरलेली चरवी होती. ती मी हरिसिंगच्या डोक्यावर आदळली. दूध त्याच्या डोळ्यांतून, बाळ्यांवरून ओघळलं आणि त्यात कपाळाचं रक्त मिसळलं.

"माह्या भावाले हात लावशील तं याद राख!"

त्याने चेहरा पुसला. मला वाटलं आता माझी पाळी. पण तो शांतपणे म्हणाला, "ताई, हा बुडला असता तं? याचं नाव कोन्या खिळ्यावर हाय? म्या कोनाले शोधलं असतं?" मग बबनकडे वळून म्हणाला, "उडी मात्र झकास हाय बे तुही."

बबनची पाठ आठ दिवस काळीनिळी होती. त्याला माराचं काही नव्हतं, उडीचं कौतुक मात्र तो गावभर सांगत फिरला. हरिसिंग दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधून नेहमीप्रमाणे पावशेर दूध घेऊन गेला. सांडलेल्या दुधाचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

साठ साली उन्हाळा लवकर तापला. मार्चअखेर गावातल्या सगळ्या विहिरी तळ दाखवायला लागल्या. आमचे मारोतराव पाटील तीनदा साहेबांकडे गेले. नाल्याला पाणी सोडतो, असं तिन्ही वेळा उत्तर मिळालं. मग एक मे आला. नव्या राज्याचा सोहळा म्हणून खाणीवर उड्यांची स्पर्धा ठरली. वणीहून पाहुणे येणार, मांडव, खुर्च्या, जिलबी. टाकं काठोकाठ दिसावं म्हणून चार दिवस नाल्याला थेंबही सोडला नाही. त्या चार दिवसांत गावातली दोन वासरं मेली, आणि एकतीस एप्रिल असता तर तिसरंही मेलं असतं.

सकाळी अख्खं गाव गुरं घेऊन निघालं. काठ्या, कुऱ्हाडी, बायकांच्या ओट्यात दगड. भांडायचं ठरलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. गुरांना टाक्यावर पाजायचं, आणि आडवा येईल त्याला पाहून घ्यायचं, असं ठरलं होतं. फाटकावरच्या दोन चौकीदारांना मारोतरावांच्या माणसांनी बाजूला फेकलं. आत त्रेचाळीस गडी स्पर्धेला उतरलेले, फळ्यावर त्रेचाळीस बिल्ले. पाहुणे खुर्च्यांवरून उठले. आणि सगळ्यांचं लक्ष आमच्याकडे असताना बबन धोतराचा काचा मारून सांगाड्यावर चढला, थेट तिसऱ्या फळीवर.

"उतर खाली!" हरिसिंग ओरडला. "बिल्ला नाही तुह्याकडं!"

"हे पानी आमचं हाय!" बबन म्हणाला आणि त्याने उडी घेतली.

तशी उडी त्या दिवशी दुसरी कोणी मारली नाही. हात जुळवून, अंग ताठ, पाण्याचा आवाजही फारसा झाला नाही. वर आला तेव्हा खाणीतल्या काही गड्यांनी शिट्ट्या वाजवल्या. त्याच वेळी तो काठाला हात घालून वर येत होता आणि एका चौकीदाराने बुटाने त्याची बोटं चिरडली. बबनने त्याचा पाय धरून त्याला आत खेचला. मग काय राहिलं? मारोतरावांची काठी फिरली, खाणवाल्यांनी कुदळीचे दांडे उचलले, आणि जो तो समोरच्याला मारायला लागला.

मी किती जणांना दगड मारले सांगता येणार नाही. एका चौकीदाराच्या मनगटाला चावले, माझ्या तोंडात त्याचं रक्त आलं आणि मी ते थुंकून पुन्हा चावले. शेजारच्या विमलताईचा दात पडला. मारोतरावांचं डोकं फुटून फेट्यातून रक्त गळत होतं आणि ते तसेच काठी चालवत होते. जिलबीची कढई कोणीतरी उलटली, उकळतं तूप पायावर पडून एक माणूस गुरासारखा ओरडत होता. मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. चार वर्षं घशात अडकलेलं काही तरी बाहेर पडत होतं.

तेवढ्यात बबन दिसला. खोल टोकाच्या काठावर, पाण्याबाहेर आलेला, कानातून रक्त वाहत होतं. मला पाहून ओरडला, "इंदे, गुरं सोड!"

मी गुरं सोडली. चाळीस तहानलेली जनावरं पाण्याच्या वासाने उधळली आणि सरळ माणसांतून टाक्याकडे धावली. धूळ खाली बसली तेव्हा बबन जिथे उभा होता तिथे एक बैल उभा होता. गुरांनीच त्याला आत लोटलं असेल, हे माझ्या मनात पुढे किती वेळा आलं त्याला गणती नाही. तेव्हा मात्र वाटलं, निसटला. पाहुण्यांबरोबर आलेले पोलीस लाठ्या घेऊन घुसले होते आणि गावचे गडी वाट फुटेल तिकडे पळत होते.

पाण्यात माणसंही होती आणि गुरंही. हरिसिंग कोणाच्याच बाजूने भांडत नव्हता. तो बुड्या मारत होता. बुटासकट पडलेला चौकीदार काढला. मारोतरावांना मिशांना धरून काढलं. काढलेल्याला काठावर फेकायचा आणि परत खाली. नऊ जण काढले त्याने. दहाव्यांदा खाली गेला आणि रिकामा वर आला. मग फळ्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्या गदारोळात एकेक नंबर पुकारायला लागला. डोकी फुटलेले, लंगडणारे गडी येऊन आपापला बिल्ला काढून नेत होते. शेवटचा बिल्ला गेला तेव्हा त्याने फळ्यावरून हात फिरवला, दोनदा, आणि गळा ताणून ओरडला.

"खाली कोनी नाही!"

दोन पोलीस मला फाटकाबाहेर ओढत होते. मी ते ऐकलं आणि अंग सैल सोडलं. त्या खाणीवर साहेबांचा शब्द मी मानला नसता, पोलिसांचा मानला नसता, देवळातल्या गुरवाचाही मानला नसता. हरिसिंगचा मानला. पोलिसांनी टाक्याच्या फाटकाला कुलूप लावलं.

"बबन कुठं हाय?" घरी आल्यावर आईने विचारलं.

"पयाला असन मारेगावले, मावशीकडं. पोलीस धरून राह्यले ना," मी म्हटलं. "पान्यात कोनी नाही, माय. हरिसिंगनं सांगतलं."

आईने त्या दिवशी देवापुढे दिवा लावला. दोन दिवस आम्ही मारेगावच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आरडाओरडा झाला. हरिसिंग येत होता. त्याच्या खांद्यावर बबन होता.

सकाळी पाण्यावर आलेला त्यालाच दिसला. पोलिसांना, साहेबांना, कोणालाही न विचारता त्याने कुलूप तोडलं आणि अर्धा कोस तो उन्हातून चालत आला. गावाने त्याला पाहिलं आणि दगड उचलले. पहिला दगड कपाळावर बसला, दुसरा तोंडावर. तो थांबला नाही, वाकला नाही. एका हाताने बबनचं डोकं झाकून घेत तो चालत राहिला आणि आमच्या उंबऱ्याशी येऊन त्याने बबनला खाली ठेवलं. रक्ताने त्याला समोरचं दिसत नव्हतं, तरी बबनचं धोतर नीट करून ठेवलं. मग वळून गेला. आई ओरडली नाही की रडली नाही. बबनच्या सुजलेल्या बोटांवरून हात फिरवत बसली. त्यानंतर ती बोललीच नाही कोणाशी. भाकरी समोर ठेवली तर तशीच राहायची.

साहेबांनी त्याच आठवड्यात नाल्याला पाणी सोडलं. बबनच्या तेरवीची भांडी आम्ही त्या पाण्याने घासली.

तेरवी होऊन चार दिवस झाले असतील. भर दुपार होती. मी अंगणात उखळात मिरच्या कांडत होते. आई आत अंथरुणावर पडून होती. हरिसिंग फाटकातून आत आला. कपाळावर टाके, ओठ फाटलेला, कमरेला दोर नव्हता.

"इंदुताई, एक गोष्ट सांगाची राह्यली."

"सांग आन नीघ."

तो म्हणाला, "त्या दिवशी शेवटच्या बुडीत माह्या पायाले बोटं लागली."

माझं मुसळ थांबलं.

"घोटा धरून राह्यली होती. जिती बोटं, ताई. धरता धरता सुटली."

"मंग?"

"मंग म्या वर आलो. फळ्याकडं गेलो. समदे बिल्ले लोकं घेऊन गेले. खिळे रिकामे होते."

"तुह्या पायाले बोटं लागली, आन तू खिळे पाहाले गेला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मले तं रोजच लागतात," तो म्हणाला. "तीन वर्सं झाली. बुडी मारली का उत्तम घोटा धरते. पयले पयले म्या डोकं फिरल्यासारखा शोधत बसायचो. काहीच नसायचं. म्हून ठरवलं, पायाचं ऐकाचं नाही, खिळ्याचं ऐकाचं. गावच्या मानसाचा बिल्ला नसते हे मले ठाऊक होतं, ताई. बबनले मीच सांगतलं होतं. त्या टायमाले ध्यानातच नाही आलं. मले वाटलं, उत्तमच हाय."

कोणी विचारलं नव्हतं. त्याने सांगितलं नसतं तर जन्मात कोणाला कळलं नसतं. हे मला पुढे सुचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझा भाऊ पांढऱ्या पाण्यात, चिरडलेल्या बोटांनी, एका पायाला धरत होता आणि तो पाय वर निघून गेला.

मी मुसळ उचललं. पहिला घाव त्याच्या उजव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तो गुडघ्यावर आला. दुसरा पाठीत, तिसरा पाठीत. त्याने हात वर केला नाही. मी त्याला मारून टाकणार होते. लोक रागाच्या भरात म्हणतात तसं नाही, खरंच मारणार होते. मिरचीचा खकाणा उडत होता, माझे डोळे गळत होते, आणि मी पुढचा घाव डोक्यात घालायला मुसळ दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

"इंदे, काहून मारून राह्यली त्याले?"

आई दारात उभी होती. सतरा दिवसांत तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"याच्या पायाले बबन लागला होता, माय!" माझ्या तोंडून निघून गेलं. "पान्यात! यानं सोडून देल्ला!"

आई चौकट धरून खाली आली. हरिसिंगच्या समोर मातीत बसली. त्याची हनुवटी धरून तिने तोंड वर केलं, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

"जिता होता का रे?" तिने विचारलं.

मी हरिसिंगकडे पाहिलं. या माणसाने एका खोट्या बिल्ल्यासाठी दुसऱ्याच्या तीन फासळ्या मोडल्या होत्या.

"नाही, याडी," तो म्हणाला. त्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "थंडा होता. बैलाचा धक्का लागला असन, पडतानीच गेला. त्याले काही समजलं नाही. बोलावलंही नसन कोनाले."

आईने हनुवटी सोडली नाही. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगून राह्यला का हा? तुले काय म्हनला?"

मुसळ अजून माझ्या हातात वरच होतं. मला त्याला मारायचं होतं. आजही त्या क्षणाची आठवण आली की हात शिवशिवतात. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

"हो, माय," मी म्हटलं. "मलेही त्यानं हेच सांगतलं."

तेव्हा आई रडली. बबन गेल्यापासून पहिल्यांदा, छाती पिटून, गल्लीतली माणसं गोळा होईपर्यंत रडली. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसून तिने मला आतून पाणी आणायला सांगितलं, तिच्यासाठी नाही, हरिसिंगसाठी. मी तांब्या भरून आणला. त्याचा उजवा हात वर होत नव्हता आणि डाव्याने तो मोडलेला खांदा धरून होता, म्हणून तांब्या मीच त्याच्या तोंडाला लावला.